तांबेरा, कृष्णाकाठ आणि खपलीची खीर

महाबळेश्वरला आपण सगळ्याजणी एकदा तरी जाऊन आलेल्या असतो, नाही का? कुणी लग्नानंतरच्या नव्या नवलाईत, कुणी मुलांच्या सुटीत, कुणी सासूबाईंना पंचगंगेच्या देवळाचं दर्शन घडवायला. येताना मधाची बाटली, चणे आणि स्ट्रॉबेरीचा जाम पिशवीत असतोच. मीही साताऱ्यात राहत असल्यामुळे पाहुणे आले की त्यांना घेऊन वर जायचं हे माझं ठरलेलं काम. पण गेल्या वर्षी नवरात्र उरकल्यावर गेले, तेव्हा मी तिथून जे घेऊन आले ते बाटलीत भरण्यासारखं नव्हतं. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

झालं असं, की जायच्या आदल्या रात्री माहेराहून वहिनीचा फोन आला. माझं माहेर सांगली जिल्ह्यात, भिलवडीच्या अलीकडे, कृष्णेच्या काठी. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर वहिनी म्हणाली, "वन्सं, यंदापासून खपली बंद करायची म्हणतो आम्ही. तुम्हाला आवडते म्हणून आधी कानावर घातलं."

खपली म्हणजे खपली गहू, हे सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या बायकांना सांगायला नको. इतरांसाठी सांगते. लांबट, तांबूस दाण्याचा हा जुना गहू. मळला तरी साध्या गव्हासारखा याचा दाणा मोकळा होत नाही, टरफल घट्ट धरून बसतो. ते काढायला पूर्वी उखळ-मुसळ लागायचं, आता यंत्र लागतं. आमच्याकडे लग्नाकार्यात, पुरणावरणात, देवाच्या नैवेद्याला खीर करायची ती याच गव्हाची. आईनं चाळीस वर्षं शेताच्या एका तुकड्यात ही खपली पेरली आणि बियाणं घरचंच ठेवलं. आई गेल्यावर वहिनीनं ते चालवलं. ते आता थांबणार म्हटल्यावर मला चुटपुट लागली. पण बोलणार काय? राबतात ते दोघं, खीर खायला मी जाते!

दुसऱ्या दिवशी महाबळेश्वरला नणंदेच्या मुलांना पॉइंट दाखवत फिरत होते. फिरता फिरता एका फाटकावरची पाटी नजरेस पडली : "गहू गेरवा संशोधन केंद्र". राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं हे केंद्र. पाटीवरचा 'गेरवा' शब्द वाचून मी थबकलेच. गेरू आपल्याला ठाऊक आहे, तुळशीवृंदावनाला लावतो तो. मग गव्हाचा गेरवा म्हणजे काय?

फाटकातून एक गृहस्थ बाहेर पडत होते. त्यांना विचारलं. ते हसून म्हणाले, "ताई, तुमच्याकडे तांबेरा म्हणतात ना, तोच हा."

तांबेरा! हा शब्द ऐकला आणि माझ्या पोटात गोळाच आला. तो का, ते पुढे सांगते.

ते गृहस्थ मोठ्या उत्साहानं सांगत होते. महाबळेश्वर सुमारे साडेचार हजार फूट उंच. हवा थंड आणि दमट. गव्हाच्या तांबेऱ्याला नेमकं असंच हवामान मानवतं. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याच्याच घरात जाऊन त्याची गाठ घ्यायची ठरवली. गव्हाचे नवे नवे वाण इथे लावतात आणि त्यांच्यावर मुद्दाम रोग सोडतात. रोगाला पटकन बळी पडणारा गहू कडेनं पेरतात, म्हणजे त्याच्यावर तांबेरा माजून तो चहूकडे पसरतो. त्यातून जो वाण टिकेल त्याचा पुढे विचार व्हायचा. मुलीला बघायला आलेल्यांनी तिला चार माणसांचा स्वयंपाक करायला लावावा, तशातली परीक्षा म्हणा ना!

त्या दिवशी तेवढ्यावरच निघालो. पण डोक्यात तांबेरा आणि खपली अशा दोन गोष्टी फिरत राहिल्या. माझा धाकटा शेतकी कॉलेजात शिकतो. घरी आल्यावर त्याला म्हटलं, "चल माझ्याबरोबर मामाकडे. वाटेत मला हा तांबेरा समजावून सांग." दोन दिवसांनी आम्ही मायलेक निघालो.

तुम्ही कधी कृष्णेच्या सोबतीनं असा प्रवास केला आहे का? नसेल तर जरूर करा. क्षेत्र महाबळेश्वरला गोमुखातून पडणारी ती बारीक धार खाली वाईला येते तोवर घाट बांधण्याइतकी मोठी होते. वाईच्या घाटावर ढोल्या गणपती, जवळच मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा. पुढे साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा तिला भेटते आणि कऱ्हाडला समोरासमोर येऊन कोयना. त्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. तिथे पाच मिनिटं बसून, पाण्यात हातपाय बुडवून मगच पुढे निघावं. कऱ्हाड सोडलं की दुतर्फा ऊस, मग हळद, पलूस-तासगावकडे द्राक्षांचे मांडव. नदी जसजशी खाली येते तसतसं शिवार भरत जातं.

एस.टी.त खिडकीशी जागा मिळाली. चिरंजीव सांगू लागले आणि मी ऐकू लागले.

तांबेरा ही एक बुरशी. पण लोणच्यावर किंवा पावावर येते तसली नव्हे. पावावरची बुरशी मेलेल्या अन्नावर वाढते. तांबेऱ्याला मात्र जिवंत, हिरवं पान लागतं. पान वाळलं की त्याचाही खेळ संपला. पानावर किंवा खोडावर बारीक फोड येतात, ते फुटले की तांबूस भुकटी बाहेर पडते. पिकातून चाललात तर लुगड्याला गेरू लागल्यासारखा रंग लागतो. ती भुकटी म्हणजे त्याचं बी. एकेका फोडातून हजारो कण निघतात आणि वाऱ्यावर बसून मैलोगणती जातात. ओल्या पानावर पडले की पुन्हा रुजतात.

गव्हाचा तांबेरा तीन प्रकारचा : खोडावर येणारा काळा, पानावर येणारा नारिंगी आणि पट्ट्यापट्ट्यांनी येणारा पिवळा. पिवळ्याला जास्त थंडी लागते, म्हणून आपल्याकडे भीती पहिल्या दोघांची.

मी विचारलं, "अरे, पण हिरव्या पानावाचून तो जगत नाही म्हणतोस. आपल्याकडचा गहू तर मार्चमध्ये निघतो. मे महिन्याच्या उन्हात सगळं शिवार करपलेलं असतं. मग दिवाळीनंतरच्या नव्या गव्हावर हा येतो कुठून?"

"आई, हाच प्रश्न एका माणसानं आयुष्यभर सोडवला," तो म्हणाला.

तो माणूस म्हणजे आग्रा कॉलेजातले प्राध्यापक करमचंद मेहता. १९२० नंतरच्या दशकात त्यांनी हे काम हाती घेतलं आणि वर्षानुवर्षं डोंगर-मैदानं पालथी घालून १९४० साली निष्कर्ष छापले. त्याआधी पाश्चात्त्य देशांत ठाऊक होतं, की काळा तांबेरा गहू नसताना बारबेरी नावाच्या झुडपावर मुक्काम करतो. म्हणजे आपल्या दारुहळदीचीच जातभाई. अमेरिकेनं तर १९१८ पासून गावोगावची बारबेरीची झुडपं उपटून काढण्याची मोहीम चालवली. मेहतांनी दाखवलं, की भारतात या झुडपाला दोष देण्यात अर्थ नाही. इथे तांबेरा थंड डोंगरांवर राहतो : उत्तरेत हिमालयाच्या रांगांत आणि दक्षिणेत निलगिरी-पळणीच्या डोंगरांत. तिथे बाराही महिने कुठे ना कुठे गहू हिरवा असतो. तिथून तो वाऱ्यावर बसून मैदानात उतरतो. पुढे १९७० च्या दशकात डॉ. नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवामानाच्या नोंदी ताडून पाहिल्या. नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळं उठतात, त्यांच्या वाऱ्यांबरोबर दक्षिणेच्या डोंगरावरचे कण मध्य भारतापर्यंत येतात आणि पावसाबरोबर गव्हावर उतरतात, हे त्यांनी मांडलं.

ऐकता ऐकता माझ्या मनात आलं, माहेरपणाला डोंगरावर जायचं आणि दिवाळी झाली की सासरी परतायचं, असा याचा संसार दिसतो!

हे बोलून दाखवलं तर मुलगा म्हणाला, "दोन घरं तर नासपतीच्या तांबेऱ्याची असतात." युरोपात नासपतीच्या पानांवर उन्हाळ्यात नारिंगी ठिपके येतात. ती बुरशी हिवाळा काढते जुनिपरवर. सुरूच्या जातीतलं दिसणारं हे झाड लोक शोभेसाठी अंगणात लावतात. म्हणजे एकीनं हौसेनं जुनिपर लावायचं आणि शेजारणीच्या नासपतीनं आजारी पडायचं. एका झाडाचा तांबेरा थेट त्याच जातीच्या दुसऱ्या झाडावर जात नाही, मध्ये दुसरं घर लागतं. आपल्याकडच्या ऊस, गहू, सोयाबीन यांनाही आपापला वेगळा तांबेरा असतो. गव्हाचा सोयाबीनवर जात नाही, सोयाबीनचा उसावर जात नाही.

आणि हो, तुमच्या-माझ्या चहाच्या कपाशीही याचा संबंध आहे बरं का! सिलोन एके काळी कॉफीचा देश होता. १८६९ साली तिथे कॉफीच्या पानांवर तांबेरा आढळला आणि पुढच्या वीसेक वर्षांत मळेच्या मळे उठले. मळेवाले चहाकडे वळले. 'सिलोनचा चहा' जगभर गेला त्यामागे हा ठिपका आहे.

आता माझ्या पोटात गोळा का आला ते सांगते.

आमच्या दादाची शेती बागायती, पण फार नाही. ऊस आहे, थोडी हळद आहे आणि खरिपात सोयाबीन. सोयाबीनचे पैसे दसरा-दिवाळीच्या तोंडाला हातात येतात. उसाचं बिल येईपर्यंत घर चालतं ते त्याच्यावर. काही वर्षांपूर्वी त्यांच्या थोरलीचं कॉलेजचं पहिलं वर्ष होतं. फी, वसतिगृह, पुस्तकं, सगळं त्या सोयाबीनवर ठरलेलं. पीक इतकं छान आलं होतं, की श्रावणात मी गेले तेव्हा वहिनी मला मुद्दाम बांधावर घेऊन गेली होती. गुडघ्याच्या वर झाडं, फुलं गळून शेंगा धरत होत्या.

भाद्रपदात झड लागली. आठवडाभर ऊन नाही. सारखी रिपरिप, पानं दिवसभर ओली. वहिनीनं भांगलताना खालच्या पानांच्या पाठीमागं टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके बघितले. बोटानं पुसलं तर बोट तांबूस झालं. दादाला सांगितलं, तो म्हणाला, "खालची पानं पिवळी पडतातच." फवारायला म्हणून गेला तेव्हा पावसानं उसंत दिली नाही. दहा-बारा दिवसांत सगळं रान पिवळं पडलं आणि पानं झडून गेली. शेंगा झाडाला लटकत होत्या, पण आत दाणा म्हणजे नुसती चपटी साल. मळणी केली ती केवळ रान मोकळं करायला. त्या दिवाळीला वहिनीच्या हातातल्या पाटल्या दिसल्या नाहीत. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. पोरीचं वर्ष मात्र वाया गेलं नाही.

आणि गंमत बघा, गंमत कसली, नवलच! बांधाच्या पलीकडच्या शेतात तोच पाऊस, तीच माती, तोच वारा. तिथलं सोयाबीन उभं होतं. ठिपके त्याच्यावरही होते, पण थोडे. फरक होता फक्त बियाण्याचा. दादानं वर्षानुवर्षं लावत आलेला जुना वाण लावला होता. शेजाऱ्यानं कसबे डिग्रजचा नवा वाण आणला होता.

कसबे डिग्रज हे सांगलीच्या जवळचं गाव. तिथे राहुरी विद्यापीठाचंच कृषी संशोधन केंद्र आहे. १९९० च्या दशकात सोयाबीनच्या तांबेऱ्यानं सातारा, सांगली, कोल्हापूर आणि पलीकडे बेळगाव-धारवाडच्या भागात धुमाकूळ घातला. कृष्णाकाठी पाणी असल्यामुळे कुठे कुठे उन्हाळ्यातही सोयाबीन घेतात. म्हणजे तांबेऱ्याला बाराही महिने हिरवं पान मिळतं. डोंगरावर जायची गरजच नाही! तेव्हा या केंद्रानं तांबेऱ्यापुढे टिकणारे वाण काढायला घेतले. फुले कल्याणी, फुले अग्रणी, २०१६ साली आलेला फुले संगम आणि त्याच्या मागून फुले किमया. फुले संगमला 'के.डी.एस. ७२६' असंही म्हणतात. के.डी.एस. म्हणजे कसबे डिग्रज सोयाबीन. आपल्या गावचं नाव असं बियाण्याच्या पिशवीवर छापून गावोगाव जातं, याचं मला फार कौतुक वाटलं.

पुढच्या वर्षापासून दादानंही तेच बियाणं धरलं. ते घरी राखण्याचं काम अर्थातच वहिनीकडे. सोयाबीनचं बी नाजूक, आपटलं तरी उगवण जाते. पेरणीआधी वहिनी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवते. सत्तरच्या वर कोंब आले तर बी पेरण्याजोगं. सत्तरच्या खाली आले तर बी जास्त लागणार किंवा दुसरं आणावं लागणार. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा : तांबेरा बियाण्यातून येत नाही, वाऱ्यातूनच येतो. म्हणून तांबेरा आलेल्या शेतातलं धान्य खायलाही भीती नाही. तुमच्या माहेरी-सासरी सोयाबीन असेल, तर भाद्रपदाच्या झडीत खालची पानं उलटून बघायला सांगा. ठिपका दिसला की त्याच दिवशी कृषी सहायकाला विचारून फवारणी करायची, आठवडा घालवायचा नाही.

गाडी पलूसच्या पुढे गेली. मी मुलाला म्हटलं, "हे सोयाबीनचं झालं. पण मामीच्या खपलीचं काय? तिलाही तांबेरा येतो का रे?"

तो एकदम सावरून बसला. "आई, तेच तर सांगायचं राहिलं! तांबेऱ्याच्या शास्त्रात खपली जगप्रसिद्ध आहे."

मला वाटलं, थट्टा करतो आहे. पण नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात स्टॅकमन म्हणून मोठे शास्त्रज्ञ होते. काळा तांबेरा एकच नसून त्याच्या अनेक पोटजाती आहेत, हे त्यांनी ओळखलं. कुठली पोटजात आली ते ठरवायचं कसं? त्यांनी आणि त्यांचे सहकारी लेव्हिन यांनी १९२२ साली बारा गहू निवडले. त्या बाराही गव्हांवर रोग सोडायचा, कोण पडतो आणि कोण टिकतो ते बघायचं आणि त्यावरून रोगाची जात ओळखायची. जगभरच्या प्रयोगशाळांतून ही बाराची यादी वापरली गेली. त्या यादीत एक नाव आहे 'खपली'. हिंदुस्थानातून गेलेला आपला हाच गहू, आपल्याच नावानं! बाकीचे गहू पडत, तिथे खपली बहुधा टिकून राही.

याच स्टॅकमनसाहेबांचे विद्यार्थी म्हणजे नॉर्मन बोर्लॉग. १९४४ पासून त्यांनी मेक्सिकोत तांबेऱ्याला दाद न देणारे गहू तयार केले. त्यांच्याच बुटक्या गव्हांनी १९६० च्या दशकात आपली कोठारं भरली आणि १९७० साली त्यांना शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालं.

पण तांबेरा गप्प बसणारा नाही. तो रूप बदलतो. आज टिकणारा वाण दहा वर्षांनी पडतो. १९९८-९९ साली युगांडात काळ्या तांबेऱ्याची एक नवी पोटजात सापडली. जगातल्या पुष्कळ गव्हांचं कवच तिनं भेदलं. केनिया, इथिओपिया, येमेन असं करत ती इराणपर्यंत गेली. शास्त्रज्ञ पुन्हा जुन्या गव्हांकडे वळले. या पोटजातीपुढे टिकणारे जे थोडे गुण सापडले, त्यातला एक खपलीतही आहे. त्या गुणाचं मूळ २०१७ साली शास्त्रज्ञांनी शोधून काढलं.

म्हणजे बघा, आई ज्या दाण्यांना कडुलिंबाचा पाला घालून डब्यात ठेवायची, त्या जातीच्या पोटात हे सगळं होतं. तिला ते ठाऊक नव्हतं. ती इतकंच म्हणायची, "याला औषधपाणी लागत नाही."

संध्याकाळी घरी पोचलो. चहा झाला. वहिनी ओसरीवर हळदीच्या पानात बांधायला पातोळ्या करत बसली होती. मी विषय काढला. मुलानं मामीला सगळं सांगितलं. वहिनीनं हातातलं काम न थांबवता ऐकून घेतलं आणि मग म्हणाली,

"हे सगळं खरं असेल. पण करायचं कुणी, ते सांगा. साध्या गव्हापेक्षा उतारा कमी. उभी राहते जास्त दिवस. उंच वाढते, वारं आलं की लोळते. मशीनवर न्यायची तर टेम्पो करा. त्या वर्षी सोयाबीन गेलं तेव्हापासून यांचा जीव गुंठ्यागुंठ्याचा हिशेब करतो. दहा गुंठं खपलीत घालून मिळतं काय, तर तुम्हा लोकांना खिरीपुरती."

मैत्रिणींनो, मी काय उत्तर देणार? तिचं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी शहरातली, मला हळहळायला काय जातं?

थोड्या वेळानं वहिनीच बोलली. "म्हणजे वन्सं, बांधाच्या पलीकडं वेगळं बी होतं म्हणून ते शेत उभं राहिलं. सगळ्यांनी एकच लावलं असतं तर सगळंच गेलं असतं. तसंच हे म्हणा की."

"तसंच," मी म्हटलं. रात्रभर विचार केला. सकाळी दादाला म्हटलं, "दादा, खपली बंद करू नकोस. आमच्या भिशीत बारा जणी आहेत. बाजारात खपली काय भावानं मिळते ते मी रोज बघते. दुकानदाराला देतो तोच भाव आम्ही तुला देऊ, सडून स्वच्छ केलेल्या गव्हाचा. आगाऊ पैसे देऊ. पेरायची तेवढी पेर." दादा हसला. "बहिणीकडून पैसे घेऊ?" "बहिणीकडून नको, बारा बायकांकडून घे," मी म्हटलं. मुलानं मामाला आणखी एक गोष्ट सांगितली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं 'एम.ए.सी.एस. २९७१' हा बुटका खपली वाण काढला आहे, तो लोळत नाही. दादानं ठरवलं, अर्ध्यात तो आणि अर्ध्यात आईचं बियाणं.

यंदाच्या पाडव्याआधी आमच्या दारात टेम्पो आला. पोती उतरली. बारा जणींनी वाटून घेतली. वहिनीचा फोन आला तेव्हा पहिलं वाक्य होतं, "बियाणं आधी काढून ठेवलंय बरं का, मग बाकीची पाठवली." पाडव्याला बारा घरांत खीर झाली.

ती खीर कशी करायची तेही सांगते. वाटीभर सडलेली खपली रात्री भिजत घाला. सकाळी पाणी बदलून कुकरला मऊ शिजवा, सात-आठ शिट्या तरी हव्यात. जरा घोटून घ्या, पण दाणा अख्खा दिसू द्या. मग वाटीभराहून थोडा जास्त चिरलेला गूळ घालून पुन्हा उकळी आणा. वरून भाजून कुटलेली खसखस, किसलेलं सुकं खोबरं, वेलदोडा, जायफळ आणि चिमूटभर सुंठ. दूध घालायचं ते वाढताना, खीर कोमट झाल्यावर. गरम गुळात घातलं तर नासेल. सीमेकडच्या मैत्रिणी हिलाच हुग्गी म्हणतात. एक सूचना : खपली पचायला चांगली असली तरी तिच्यातही ग्लुटेन असतंच. ज्यांना डॉक्टरांनी गहू वर्ज्य सांगितला आहे, त्यांनी ही खाऊ नये.

आणि एक विनंती. तुमच्या माहेरी, सासरी, नात्यात कुणी अजून असं जुनं बियाणं धरून असेल, मग ती खपली असो, जोंधळा असो की घेवडा, तर "छान आहे हं" एवढंच म्हणून परत येऊ नका. पाच-दहा जणी मिळून ते विकत घ्या, योग्य भावानं घ्या. तांबेरा वाऱ्यावरून यायचा तो येणारच. त्याच्यासमोर उभं राहणारं बी मात्र कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी डब्यात असायला हवं. यंदा दिवाळीला आईचं ते बी वहिनी पुन्हा पेरणार आहे. भिशीतल्या बाराही जणींनी पैसे आत्ताच दिले आहेत.